साहेबांनी न केलेली भाषणं

विधान परिषदेच्या एका सदस्याच्या भाषणांचं पुस्तक मी संपादित केलं आहे. पुठ्ठ्यावर साहेबांचा हात उंचावलेला फोटो आहे, खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे, आणि आत जे छापलंय त्यातलं निम्म्याहून जास्त साहेब कधी बोललेच नाहीत. हे आता सांगायला हरकत नाही. साहेब सदस्य राहिले नाहीत आणि मीही निवृत्त झालो. नोकरीत असताना एवढं खरं बोलायची मला सवय नव्हती.

साहेब आणि मी जालन्याच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. तेव्हा ते साहेब नव्हते, नुसता ‘तू’ होता. अर्थशास्त्राच्या तासाला तो भिंतीला डोकं टेकून झोपायचा आणि परीक्षा आली की माझी वही घेऊन जायचा. मागणीच्या वक्राची आकृती त्यानं एकदा माझ्या वहीतून उतरवली, तीही उलटी. किंमत वाढली की मागणी वाढते, असं ती आकृती सांगत होती. पुढं राजकारणात त्याचं स्वतःचं जे झालं ते पाहता ती अगदीच चूक होती असं मला म्हणवत नाही. बाजार समिती झाली, जिल्हा परिषद झाली, दोन पक्ष झाले आणि एक दिवस तो विधान परिषदेवर गेला. मी नवीन जालन्यात घर केलं आणि तीस वर्षं एसटीनं मंठ्याच्या कॉलेजात जाऊन-येऊन अर्थशास्त्र शिकवलं. चारचौघात तो मला ‘सर’ म्हणू लागला, मी त्याला ‘साहेब’. एकटे असलो की तो ‘तू’वर यायचा. मी काही येऊ शकलो नाही. एकदा जीभ वळली की वळली.

त्यांची सहा वर्षांची मुदत संपायला वर्षभर उरलं होतं, तेव्हा एका रविवारी सकाळी त्यांचे स्वीय सहायक आमच्या घरी आले. हे गृहस्थ शासकीय पत्रासारखं बोलत. पोहे खाताना म्हणाले, “सर, साहेबांचं आर्थिक व सार्वजनिक प्रश्नांवरील सभागृहातलं योगदान ग्रंथरूपानं यावं, असं ठरलं आहे.”

“कोणी ठरवलं?”

“साहेबांनीच. दुसरी टर्म हवी असेल तर वर काहीतरी दाखवावं लागतं. बाकीचे लोक अहवाल छापतात. आपण ग्रंथ काढू. संपादक म्हणून आपलं नाव राहील.”

ग्रंथ आणि आपलं नाव, हे दोन शब्द एका वाक्यात ऐकले की प्राध्यापकाचं काय होतं ते सांगायला नको. मी हो म्हणालो. त्यांनी पिशवीतून एक फाईल काढून टीपॉयवर ठेवली. ती इतकी बारीक होती की पोह्याची बशी तिच्यापेक्षा उंच दिसत होती. ते गेल्यावर बायकोनं फाईल हातात घेऊन वजन बघितलं. “सहा वर्षांचं एवढंच? आपल्या सोसायटीच्या एका मीटिंगचा वृत्तांत याच्यापेक्षा मोठा असतो.”

फाईलमध्ये सभागृहाच्या कार्यवृत्ताची पानं होती. जिथं जिथं साहेबांचं तोंड उघडलं होतं, तिथं सहायकांनी पिवळी खूण केली होती. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत साहेबांनी सभापतींचे आभार मानले, अर्थमंत्र्यांचे मानले, पक्षाध्यक्षांचे मानले, जालना जिल्ह्याच्या पुण्यभूमीला वंदन केलं, तेवढ्यात घंटा वाजली. साहेब म्हणाले, “मी दोनच मिनिटं घेतो.” पुन्हा घंटा वाजली. साहेब म्हणाले, “माझं उर्वरित भाषण पटलावर ठेवतो.” ते उर्वरित भाषण मी सगळीकडं शोधलं. सहायक म्हणाले, “ते ठेवायचं राहून गेलं.”

फळबागांवर चर्चा चालू असताना साहेबांनी विचारलं होतं, “मोसंबीचं काय?” मंत्र्यांनी विचारलं, “कोणत्या?” साहेब म्हणाले, “आमच्याकडच्या.” विषय तिथं संपला होता. पुरवणी मागण्यांच्या दिवशी ते जेव्हा जेव्हा उभे राहिले तेव्हा पुढं कंसात ‘अडथळा’ असं लिहिलेलं होतं. तो अडथळा त्यांना झाला की त्यांनी केला, हे कार्यवृत्तावरून कळत नव्हतं. आणि एका सहकार विधेयकावर त्यांचं संपूर्ण योगदान दोन शब्दांचं होतं: “बरोबर आहे.” त्याच्या समासात सहायकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘धोरणात्मक पाठिंबा.’

सगळं मिळून छापील अकरा पानं भरली असती. मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि तसं सांगितलं. साहेब सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. त्यांना वाईट वाटलं. मला वाटतं, खरंच वाटलं.

“एवढंच? अरे, सहा वर्षं मी जाऊन राह्यलो तिथं. एक अधिवेशन चुकवलं न्हाई.”

“हजेरीचं पुस्तक निघत नाही ना, साहेब.”

“मंग तू वाढव थोडं. वर्गात तर तू पाऊण पाऊण तास बोलतो.”

“पण हे सभागृहाचं रेकॉर्ड आहे.”

“रेकॉर्ड तिकडं आहे,” साहेब म्हणाले. “आपण पुस्तक करून राह्यलो.”

मी फाईल काखेत मारली आणि घरी आलो.

सुरुवातीला मी लाजत लाजत वाढवलं. ‘मूळ आशयाला धक्का न लावता’ असं स्वतःशी म्हणत मी मोसंबीचं वाक्य उघडलं आणि त्यातून नऊ पानं काढली. बागांची उतरती कळा, पाण्याचं नियोजन, शीतगृहं, वाहतूक, सगळं आलं. “बरोबर आहे” या दोन शब्दांवर चार पानं सहकाराचा इतिहास उभा राहिला. मग लाज गेली. तीस वर्षं मी अशा वर्गात शिकवलं होतं जिथं शेवटच्या दोन रांगांचे कान एसटीच्या हॉर्नकडं असायचे. इथं सगळं सभागृह शांत बसून माझं ऐकत होतं. विरोधक निरुत्तर होत होते. मी कंसात ‘बाके वाजवून स्वागत’ असं लिहायचो आणि पेन खाली ठेवून थोडा वेळ ते स्वागत ऐकायचो. विजेचे दर, बियाण्यांची तपासणी, बँकांच्या बंद झालेल्या शाखा, रेशीम, रस्ते, एकही विषय सोडला नाही. दोन महिन्यांत साहेब राज्याचे मोठे अर्थतज्ज्ञ झाले.

मुद्रितं बायको तपासायची. एके ठिकाणी अर्थमंत्री म्हणतात, “सन्माननीय सदस्यांनी आज माझे डोळे उघडले.” तिनं त्यावर लाल रेघ मारली.

“मंत्री असं कधी म्हणतात का? एवढं तरी ठेवू नका.”

मी ते बदलून ‘सन्माननीय सदस्यांची सूचना रास्त आहे’ असं केलं. बाकी सगळं तसंच राहिलं.

त्यात दोन पानं जनावरांच्या दवाखान्यावर होती. एकदा बसमध्ये माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. परतूर तालुक्यातला, आष्टीच्या पुढच्या एका गावचा. त्यांच्याकडं दवाखान्याची इमारत आहे, पाटी आहे, कुलूपही चांगलं आहे, पण डॉक्टर कित्येक वर्षांत कोणी पाहिला नाही, असं तो सांगत होता. मला ते लक्षात राहिलं. मी त्याचं साहेबांच्या तोंडी ‘विशेष उल्लेख’ केलं, नुकतंच संपलेलं अधिवेशन निवडून त्यातली तारीख टाकली आणि मंत्र्यांकडून उत्तर घेतलं: “सदर दवाखान्यास तीन महिन्यांच्या आत डॉक्टर देण्यात येईल, असे मी सभागृहास आश्वासन देतो.” हे आश्वासन मी एका रविवारी, आंघोळीच्या आधी दिलं.

प्रकाशन स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये झालं. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक हातात धरून कागदाचा दर्जा वाखाणला. साहेब म्हणाले की हे माझे नाही, जनतेचे शब्द आहेत. मी खाली मान घालून बसलो, कारण पाहणाऱ्यांना तो विनय वाटत होता. समोरच्या खुर्च्या भरायला निवृत्त शिक्षकांना बोलावलं होतं. प्रत्येकाला एकेक प्रत आणि एकेक वडा मिळाला. कोणी ते पुस्तक उघडून बघेल, असा विचार आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

आणि हेही सांगून टाकतो: त्या वर्षी बढतीच्या अर्जात ‘संपादित ग्रंथ’ या रकान्यात मी ते पुस्तक लिहिलं. त्याचे गुण मिळाले. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. साहेबांना हसताना ही गोष्ट वगळणं बरं दिसणार नाही.

चारेक महिन्यांनी, दुपारी, एक बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. पासष्टीच्या आसपास वय, सुती लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. दोन गाड्या बदलून आल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पुस्तकावर संपादकाचा पत्ता होता, तो विचारत आल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं, पोरांच्या वह्यांना घालतात तसं.

“सर, पान एकशे बेचाळीस.”

“तुम्ही वाचलंत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे? पुस्तक दिलं तर वाचायचं न्हाई?”

मी पान उघडलं. जनावरांचा दवाखाना. बाई त्याच गावच्या होत्या. त्यांनी दोन कागद काढून टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले. पुस्तक वाचल्यावर महिनाभरात कोणी फिरकलं नाही, म्हणून त्यांनी पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स जोडून एका सरकारी ऑफिसला अर्ज केला होता. पहिला कागद त्याचं उत्तर होतं: ‘सभागृहात दिलेल्या आश्वासनाच्या अनुषंगाने कार्यवाही प्रगतिपथावर आहे.’ बाईंना प्रगतिपथ हा शब्द माहीत होता. त्यांनी माहितीच्या अधिकारात विधानमंडळाकडं मूळ आश्वासनाची प्रत मागितली. दुसरा कागद त्याचं उत्तर होतं: त्या तारखेला सभागृहाचं कामकाज गोंधळामुळं सकाळीच तहकूब झालं, असं कोणतंही आश्वासन अभिलेखात नाही.

“एक ऑफिस म्हणतंय काम चालू आहे,” बाई म्हणाल्या. “दुसरं म्हणतंय असं काही बोलणंच झालं न्हाई. दोन्हींवर शिक्का बराबर आहे. मंग हे बोललं कोण?”

बायको चहा घेऊन आली होती. कप ठेवून ती आत जायची, ती तिथंच उभी राहिली.

“मी,” मी म्हणालो.

“साहेबांचं?”

“हो.”

“आणि मंत्र्याचं?”

“तेही मीच.”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. “लिहिलंय चांगलं,” त्या म्हणाल्या. मला ती शिक्षा पुरेशी वाटली होती, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. “मी हे गावात सगळ्यांला वाचून दाखवलं. देवळासमोर बसून. म्हणलं, मंत्र्यानं सांगितलंय, तीन महिने दम धरा. आमच्या शेजारच्यांची म्हैस दुखण्यात होती. ते परतूरला न्यायला टेम्पो सांगून आल्ते. मी म्हणलं, थांबा, डॉक्टर इथंच येऊन राह्यले. थांबले ते. म्हैस गेली.”

मी म्हणालो, “बाई, मी चुकलो. मी तुम्हाला लेखी माफी लिहून देतो.”

“ती घेऊन काय करू? आता परत छान छान लिहिणार तुम्ही.” बाईंनी दोन्ही कागद घडी घालून पिशवीत टाकले. “साहेबांना सांगा, जे छापलंय ते आता तिथं उभं राहून बोला. मी ऐकायला येते. न्हाई बोलले, तर हे दोन कागद आणि हे पुस्तक मी पेपरवाल्यांना देते. बिलकुल देते.”

त्या गेल्यावर बायको म्हणाली, “चार महिन्यांत तुमचं पुस्तक वाचणारं एक माणूस भेटलं. त्याचं तरी ऐका.”

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पुस्तक मागवलं आणि पान एकशे बेचाळीस पहिल्यांदा वाचलं. “चांगलं बोललो की मी,” म्हणाले. मग दोन कागदांची गोष्ट ऐकून गंभीर झाले. सहायकांनी मार्ग सुचवला: मुद्रणदोष म्हणून खुलासा करू. मी विचारलं, दोन पानांचा मुद्रणदोष? मंत्र्याच्या उत्तरासकट? सहायक म्हणाले की शासनात याहून मोठे मुद्रणदोष झालेले आहेत. पण साहेबांच्या डोळ्यांपुढं दुसरी टर्म होती. महिन्याभरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू होणार होतं.

“तिला घेऊन चल,” साहेब म्हणाले. “पास काढा दोघांचे. बोलून टाकू एकदाचं.”

समृद्धीवरून आम्ही सकाळी निघालो. साहेब ड्रायव्हरच्या शेजारी, मागं बाई, मी आणि सहायक. मी विशेष उल्लेखाचा मजकूर टाईप करून दिला होता. साहेबांनी तो गाडीत मोठ्यानं वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीत अडखळले.

“पशुवैदकीय…”

“पशुवैद्यकीय,” मागून बाई म्हणाल्या.

“पशुवैदकीय.”

“द ला य जोडा. वैद्य. मग कीय. परत म्हणा.”

साहेबांनी परत म्हटलं. परत चुकलं. आरशातून ड्रायव्हर बाईंकडं बघत होता. साहेबांना कोणी परत म्हणायला लावताना त्यानं पाहिलं नसावं. सिंदखेडराजा मागं पडलं, मेहकर आलं, तेव्हा कुठं तो शब्द साहेबांच्या तोंडातून धड बाहेर पडला. बाई म्हणाल्या, “शाबास.” साहेब चक्क खूश झाले. कारंज्याच्या आसपास साहेब खिडकीकडं बघत म्हणाले, “बाई, खरं सांगू का? मैदानात हजारो माणसं असू द्या, मला काही वाटत न्हाई. पण तिथं उभं राह्यलं की तोंड वाळतं. समोर सगळे शिकलेले वाटतेत. वाटतं, एखादा शब्द चुकला तर हसतीन. मंग मी बसून घेतो.”

इतकी वर्षं ओळखत असून हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना बोलण्यासारखं काही नसतं म्हणून ते बोलत नाहीत.

“मंग वाचू नका,” बाई म्हणाल्या. “घरी सांगता तसं सांगा. मला सांगितलं ना आत्ता, तसं.”

गॅलरीत आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. खाली सभागृह अर्धं रिकामं होतं. जे होते त्यातले बरेच मोबाईलमध्ये मान घालून होते, एक सदस्य दुसऱ्याला काहीतरी सांगून हसवत होते. दोनदा कामकाज तहकूब झालं. बाईंनी पिशवीतली पोळीभाजी खाली जाऊन खाऊन घेतली आणि परत येऊन बसल्या. “शाळा तपासायला अधिकारी यायचे तेव्हा आम्ही पोरांना यापेक्षा नीट बसवायचो,” त्या पुटपुटल्या. बंदोबस्तावरच्या पोलिसानं ओठांवर बोट ठेवलं.

दुपारी उशिरा साहेबांचं नाव पुकारलं गेलं. साहेब उभे राहिले. माझा कागद हातात होता. त्यांनी “सभापती महोदय” म्हटलं आणि थांबले. मी डोळे मिटून घेतले. मग ऐकू आलं:

“सभापती महोदय, कागद राहू द्या. आमच्याकडं एक गाव आहे. तिथं जनावराचा दवाखाना आहे. पाटी आहे, कुलूप आहे, डॉक्टर न्हाई. माणूस दुखलं तर तोंडानं सांगतं. जनावर कुणाला सांगणार? एका घरची म्हैस गेली. ते लोक डॉक्टरची वाट पाहत बसले. का बसले, तर आम्ही त्यांना येतो येतो म्हणून सांगितलं. आम्हीच सांगितलं. मंत्री साहेब, तुम्ही नका सांगू आता. पाठवून द्या.”

घंटा वाजली. साहेब पुढं काहीतरी म्हणाले, ते माईक बंद झाल्यामुळं आमच्यापर्यंत आलं नाही. मंत्री शेजारच्यांशी बोलत होते. त्यांनी मान न वळवता हात वर केला. “तपासून घेतो.” पुढचं नाव पुकारलं गेलं.

सगळं दीड मिनिटात आटोपलं. सभागृहात कोणीही बाक वाजवला नाही. बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, “बराबर बोलले.” पोलिसानं पुन्हा बोट ठेवलं.

काही दिवसांनी सहायकांनी कार्यवृत्ताची प्रत आणून दिली. साहेबांचं ते भाषण त्यात होतं, पण कोणातरी कर्तव्यदक्ष माणसानं ते नीटनेटकं केलं होतं: ‘सभापती महोदय, एका ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यातील रिक्त पदाच्या गंभीर समस्येकडे मी शासनाचे लक्ष वेधू इच्छितो.’ म्हशीचा उल्लेख ‘पशुधनाची हानी’ असा होता. ‘आम्हीच सांगितलं’ हे गळालं होतं. मी पुस्तकातलं माझं खोटं भाषण आणि हे खरं भाषण शेजारी ठेवून वाचली. कोणालाही विचारलं असतं तर त्यानं माझंच खरं म्हणून सांगितलं असतं. माझ्यात निदान थोडा जीव होता.

मंत्र्यांचं लेखी उत्तर उन्हाळ्यात आलं. ‘हे अंशतः खरे आहे.’ कोणता अंश, ते दिलेलं नव्हतं. पण त्यानंतर पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला की दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडं इथला जादा कारभार दिलाय, मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, कुलूप काढलंय. मी विचारलं, साहेबांच्या भाषणानं झालं असेल का? बाई म्हणाल्या, “कुणाला माहीत. मी मधल्या काळात अकरा पत्रं टाकली. तुम्ही साहेबांना सांगा, तुमच्यामुळं झालं. तेवढंच बरं वाटंन त्यांना.”

मी सांगितलं. साहेबांना खूप बरं वाटलं. त्याच महिन्यात दुसरी टर्म दुसऱ्याच कोणाला तरी मिळाली. त्यानं पुस्तक काढलं नव्हतं, अहवालही छापला नव्हता, आणि माझ्या माहितीप्रमाणं तो चांगल्यापैकी अबोल आहे. सहायक त्याच्याकडं रुजू झाले.

साहेब आता बऱ्याचदा घरीच असतात. मध्यंतरी त्यांनी मला बोलावलं. नागपूरचं ते भाषण फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं होतं. कार्यवृत्ताची प्रत त्यांच्या हातात होती. चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, “हे मी बोललोच न्हाई. हे तर तुझ्यासारखं दिसतंय.”

“मी नाही लिहिलं, साहेब. हे सरकारी आहे.”

“मंग मी जसं बोलल्तो तसं लिहून दे ना.”

मला सगळं आठवेना, त्यांना तर त्या दीड मिनिटातलं काहीच आठवत नव्हतं. शेवटी मी बाईंना फोन लावला. त्यांना शब्दन् शब्द पाठ होता. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं; वर दिलंय ते तेच आहे. स्वच्छ अक्षरात उतरवून मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडं नेलं.

साहेबांनी ते हळूहळू वाचलं. एके ठिकाणी थांबले, गालातल्या गालात हसले. मग कागद खाली ठेवला.

“खरं आहे,” म्हणाले. “असंच बोलल्तो मी. पण भिंतीवर लावायला सरकारीच बरं. येणारेजाणारे वाचतेत. हे वाचून हसतीन.”

फ्रेमवाल्याकडं त्यांनी माझ्याच हाती सरकारी प्रत पाठवली. मी निघताना म्हणाले की त्यात ‘पशुवैद्यकीय’ हा शब्द बराबर छापलाय का, ते एकदा बघून घे.